पत्रकारितेत यायचंय म्हणणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी: कोर्स, संधी आणि दुसरी खेप

प्रश्न असा आलाय: "टी.वाय.बी.ए.ला आहे, कॉलेज तालुक्याच्या गावी. लिहायला आवडतं, पत्रकारितेत यायचंय. पण ओळख कोणाचीच नाही, घरचे म्हणतात ह्यात पैसा नाही, आणि आता तर बातम्या पण एआय लिहितंय. कोर्स करू का? कुठे करू? आणि संधी खरंच आहेत का की नुसतं बोलायला?"

हा प्रश्न मला दरवर्षी बरीच मुलं विचारतात, शब्द थोडे इकडचे तिकडे. मी आधी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून नीट करून पानावर घेण्याच्या कामावर, पुढे शिकवायला लागलो, त्यामुळे उत्तर थोडं दोन्हीकडचं येणार. तू म्हणतोय, चालेल ना, माझ्या वर्गातल्या मुलांच्याच वयाचा आहेस.

एआयचं आधी उरकतो. जिल्ह्याच्या पेपरात रोज सगळ्यात जास्त वेळ कशात जातो माहितीये का? प्रेसनोटची बातमी करण्यात. अमुक महाविद्यालयात तमुक दिन उत्साहात साजरा, प्रमुख पाहुणे म्हणून हे, व्यासपीठावर ते, सूत्रसंचालन ह्यांनी केलं, आभार त्यांनी मानले. मी आयुष्याची काही वर्षं अक्षरशः ह्यातच घालवलीत. हे काम आता मशीन अर्ध्या मिनिटात करतं आणि बरं करतं, उगाच नाकारण्यात अर्थ नाही, आणि ज्याला फक्त एवढंच येतं त्याची नोकरी जाणार हेही खरंय. पण तुला ते काम करायचं होतं का? ते तर आम्हालाही नको होतं.

जे काम मशीनला येत नाही ते म्हणजे परत जाणं. मी वर्गात ह्याला दुसरी खेप म्हणतो. पहिल्या खेपेला सगळेच जातात, चार बाइट (रेकॉर्ड केलेल्या प्रतिक्रिया) घेतात, दोन फोटो काढतात आणि येतात. पहिल्या खेपेला माणसं तुला जे सांगतात ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, सरपंचाचं एक पाठ केलेलं वाक्य असतं, अधिकाऱ्याचं एक असतं, अगदी ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंही एक असतं. बातमी दुसऱ्या खेपेला मिळते.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. सेकंड इयरची एक मुलगी होती, बाहेरगावाहून एसटीने यायची. तिने पहिली असाइनमेंट आणली, मथळा होता "एसटीअभावी विद्यार्थिनींचे हाल, आगाराचे दुर्लक्ष". आत एक विद्यार्थिनी, एक पालक, एक सरपंच आणि शेवटी आंदोलनाचा इशारा. म्हणजे गेली कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात छापून येतेय तीच बातमी. मी विचारलं, गाडी कुठली? म्हणाली संध्याकाळची. किती वाजताची? ते बघायला लागेल. रद्द होते की उशिरा येते? सर, मुली म्हणतात मिळतच नाही.

मी तिला परत पाठवलं. ती वैतागली, म्हणाली सर आता परत जाऊन काय विचारू, सगळं तर विचारून झालंय. म्हटलं विचारू नकोस, नुसती बस. वही घे, रकाने आख: तारीख, फलाटावर लिहिलेली वेळ, गाडी लागली किती वाजता, सुटली किती वाजता, मागे किती मुली राहिल्या. दोन आठवडे.

सुट्ट्या वगैरे जाऊन अकरा दिवसांची नोंद झाली. आणि त्यात काय निघालं? गाडी एकदाच रद्द झाली होती. बाकीचे सगळे दिवस ती बरोबर पाच दहाला सुटली होती. मुलींना ती मिळत नव्हती कारण सायन्सचं प्रॅक्टिकल त्या वर्षीपासून सव्वापाचला सुटायला लागलं होतं. रोज बघून बघून वाहतूक नियंत्रकाची पण ओळख झाली होती, त्यांनी तिला शांतपणे सांगितलं, "ताई, गाडी आमची तीन वर्षं ह्याच वेळेला सुटते, कॉलेजने तास बदलले ते आम्हाला कोणी कळवलं का?" कोणीच कळवलं नव्हतं. आणि जिचं कॉलेज होतं तिलाच मग प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारायला लागलं, त्या दिवशी तिचा चेहरा बघण्यासारखा होता. बातमी छापून आली, पुढच्या महिन्यात गाडी साडेपाचला केली. पहिली कॉपी, म्हणजे तिने आधी लिहून आणलेली बातमी, छापली असती तर ज्यांची काही चूक नव्हती त्या आगाराला आपण झोडपलं असतं आणि गाडी तरीही पाच दहालाच सुटली असती.

ही मुलगी पुढे एका वेब पोर्टलच्या इंटरव्ह्यूला गेली तेव्हा संपादकांनी मार्कशीट बाजूला ठेवली आणि वीस मिनिटं त्या वहीबद्दलच विचारलं. तुझ्या "ओळख कोणाची नाही" ह्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. ओळखीने तुला आत बसवता येतं, टिकवता येत नाही.

आता संधी. ह्यात तुला कोणी नीट सांगत नाही असं बरंच काही आहे, जरा क्रम सोडून सांगतो.

पेपरमधला तालुका वार्ताहर किंवा स्ट्रिंगर ही सगळ्यात सहज मिळणारी आणि सगळ्यात फसवी जागा. मानधन इतकं कमी की प्रवासात जातं, आणि बऱ्याच ठिकाणी बातम्यांसोबत जाहिरातीचं टार्गेट असतं. दिवाळी, वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस, पुरवणी निघाली की फिर जाहिराती मागत. ज्या नेत्याकडून मार्चमध्ये पान घेतलं त्याच्याविरुद्ध एप्रिलमध्ये तू काय लिहिणार? मी हे खूप जवळून बघितलंय, चांगली चांगली मुलं ह्यात खर्ची पडली. मग करूच नको असं म्हणतो का? नाही. एक वर्ष कर, शिकायला ह्यापेक्षा चांगली जागा नाही, पोलीस स्टेशन, पंचायत समिती, तहसील, बाजार समिती, कोर्ट सगळं पायाखाली घालता येतं. पण जाताना विचार: नेमणुकीचं पत्र मिळणार का, जाहिरातीचं टार्गेट आहे का, प्रवासखर्च कोण देणार. विचारलं म्हणून कोणी खात नाही. आणि एक वर्षाने निघ.

दुसरी गोष्ट, कुठल्यातरी पोर्टलवाल्याने पैसे घेऊन प्रेसचं ओळखपत्र दिलं तर घेऊ नको, हा चक्क धंदा झालाय, गाडीवर प्रेस लिहिणाऱ्यातले निम्मे ह्यातलेच असावेत असा माझा संशय आहे. शासनाची अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकार म्हणून शासनाने मान्यता दिल्याचं कार्ड, ही वेगळी गोष्ट, ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते, तिला अनुभवाच्या अटी असतात. विद्यार्थ्याला दोन्हीची गरज नाही. ग्रामसभेत बसायला कार्ड लागत नाही.

डेस्क. मुलांना डेस्क म्हटलं की कंटाळवाणं वाटतं, सगळ्यांना बूम (चॅनलचा माइक) घेऊन उभं राहायचं असतं. पण मराठीत आत्ता खरी मागणी कशाला असेल तर इंग्रजी कॉपी वाचून तिची नीट मराठी बातमी करणाऱ्याला. पीटीआय ह्या वृत्तसंस्थेचा मजकूर इंग्रजीतून येतो, कोर्टाचे निकाल इंग्रजीत, कंपन्यांचे आणि केंद्राचे अहवाल इंग्रजीत. बीबीसीने २०१७ मध्ये मराठी सेवा सुरू केली, त्यानंतर डिजिटलमध्ये अशा जागा वाढल्या, फॅक्टचेक करणाऱ्यांनाही मराठी येणारी माणसं लागतात. बऱ्याच ठिकाणी निवडीची परीक्षा म्हणजे अनुवादाचाच एक कागद असतो, आणि मुलं तिथेच पडतात. इंग्रजी येत नाही म्हणून पडतात असं नाही, अर्थ माहीत नसतो म्हणून पडतात. क्राइमच्या कॉपीतले चार शब्द घे: बुक्ड म्हणजे गुन्हा दाखल झाला, अरेस्टेड म्हणजे अटक, चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र कोर्टात गेलं, चार्जेस फ्रेम्ड म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केले. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं चारही ठिकाणी "आरोप ठेवण्यात आला" लिहितात. एका माणसाच्या आयुष्यातल्या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत ह्या, आणि चारही पार करूनसुद्धा तो निर्दोष सुटू शकतो. ताब्यात घेतलं आणि अटक केली ह्यातही फरक आहे.

दोन भाषांचं हे काही नवीन फॅड नाही. ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन करतो, कारण १८३२ मध्ये त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण सुरू केलं. दर्पणमध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असायचा हे भाषणात कोणी सांगत नाही, हार घातला की झालं.

आकाशवाणी मुलांच्या डोक्यातून गेलीच आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे प्रादेशिक वृत्त विभाग आहेत, तिथे हंगामी वृत्तनिवेदक आणि भाषांतरकारांचं पॅनल असतं, लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. जिल्ह्याजिल्ह्यात अंशकालीन वार्ताहर असतात. पूर्ण नोकरी नाही, ड्युटीप्रमाणे पैसे, पण नोकरी शोधता शोधता करता येतं आणि तुझं मराठी वाक्य सहा महिन्यांत सुधारतं, कारण जे वाक्य एका दमात वाचता येत नाही ते तिथे चालत नाही. जवळपास कम्युनिटी रेडिओ असेल तर तिथे तर कॉलेजमध्ये असतानाच घुस. माणमधल्या म्हसवडला माणदेशी तरंग आहे, पुण्यात विद्यापीठाचं विद्यावाणी आहे, अशा ठिकाणी रेकॉर्डिंगपासून एडिटिंगपर्यंत सगळं हाताने करायला मिळतं.

सरकारी बाजू. घरच्यांना जे "पर्मनंट" पाहिजे असतं ते इथे आहे. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकारी, सहायक संचालक अशी पदं असतात, त्यांची भरती एमपीएससीतून होते आणि पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात, काही पदांना अनुभवही मागतात. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे, ती यूपीएससीतून. जागा थोड्या, जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही, त्यामुळे फक्त ह्याच्यावर डोळा ठेवून बसू नको. आणि एक स्पष्ट बोलतो, ही पत्रकारिता नाही, जनसंपर्क आहे. वाईट काम आहे असं नाही, पण टेबलाची दुसरी बाजू आहे, कुठल्या बाजूला बसतोय हे माहीत असावं.

आणि ग्रामीण विषयावर मन असेल तर पारी बघ, पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, पी. साईनाथ ह्यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं. मराठीसह बऱ्याच भारतीय भाषांत वाचता येतं, विद्यार्थ्यांना इंटर्नशिप करता येते, विद्यार्थ्यांच्या स्टोरीज छापतात. तिथला एक लेख घेऊन त्यात माणसाशी किती वेळा बोलावं लागलं असेल ह्याचा अंदाज काढायला मी मुलांना लावतो. आमची मुलं आधी म्हणतात एकदा. मग परत वाचतात.

तुमच्या कॉलेजमध्ये नवीन शैक्षणिक धोरणामुळे ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) आणि फिल्ड प्रोजेक्ट आलेत. बहुतेक मुलं ते कुठल्यातरी ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतात, मला माहितीये, तुला पण माहितीये. त्याऐवजी ते तास स्थानिक दैनिकात किंवा रेडिओत घाल, सर नाही म्हणणार नाहीत, उलट खूश होतील.

कोर्सचं विचारलंस. करू का, तर हो, कर, पण टी.वाय. पूर्ण करून. आधीची पदवी वाया जात नाही, अर्थशास्त्र, शेती, सायन्स, कायदा ह्यातलं काहीही असलेला पत्रकार नुसत्या पत्रकारितेच्या पदवीवाल्यापेक्षा मला जास्त उपयोगी वाटतो. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाची गरवारे इन्स्टिट्यूट, ही जुनी नावं आहेत. आयआयएमसीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) अमरावतीला केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो, विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना हा खूप सोयीचा आहे आणि तरी निम्म्या मुलांना माहीत नसतो. घर सोडता येत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. प्रवेशाच्या तारखा आणि पद्धत दरवर्षी बदलते, ती त्यांच्या अधिकृत साइटवरच बघ, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर विसंबू नको.

प्रवेश घेण्याआधी तिथल्या जुन्या दोन विद्यार्थ्यांना फोन कर आणि एकच विचार: वर्षात किती कॉपी लिहिल्या आणि किती लाल होऊन परत आल्या. जिथे कॉपी परत येते ते इन्स्टिट्यूट चांगलं. स्टुडिओ, कॅमेरे, टेलिप्रॉम्प्टर दाखवून भरपूर फी घेणारी बरीच दुकानं आहेत, स्टुडिओत अँकरसारखे फोटो काढून देतात, ते फोटो घरी लावायला चांगले असतात.

आता जे आजपासून कर म्हणतो ते. तुझ्या गावातला किंवा तालुक्यातला एक विषय धर. एकच. पाणीयोजना, शाळा, एसटी, बाजार समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, काहीही. त्याच्यावर वही कर आणि वर्षभर त्याच्यामागे लाग. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही पत्रकाराला ह्या बाबतीत तू हरवू शकतोस, कारण तो तिथे एकदाच येणार, तू रोज तिथेच आहेस.

कागद बघायला शिक. ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो, शाळेची माहिती यूडायस प्लस ह्या सरकारी पोर्टलवर, जिल्ह्याच्या आरोग्याची माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, त्याची २०१९-२१ ची फेरी जिल्हानिहाय उपलब्ध आहे. हे फुकट आहे आणि बसल्या जागी आहे. पोर्टलवर पाइपलाइनचं बिल निघालेलं दिसतं आणि गावात पाइपलाइन नाही, इथून बातमी सुरू होते. सुरू होते म्हणतोय, संपत नाही, कारण कधी कधी पाइपलाइन वाडीवर टाकलेली असते आणि आपणच चुकीच्या ठिकाणी शोधत असतो. म्हणून परत जायचं.

माहितीचा अधिकार वापर, २००५ चा कायदा आहे, भारतीय नागरिक असलास की झालं, पत्रकार असायची गरज नाही. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो, ऑनलाइन पण भरता येतो. आपल्याकडच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. मुलांचे अर्ज कुठे फसतात सांगतो. "आमच्या गावचा रस्ता का झाला नाही?" असं लिहितात. का ह्याला उत्तर नसतं, माहिती अधिकारी लिहून टाकतो की हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही आणि महिना गेला. त्याऐवजी लिही: सदर कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती द्याव्यात. कागद माग, खुलासा मागू नको. खुलासा तोंडी माग, कागद हातात आल्यावर.

भाषेबद्दल थोडं, कारण "लिहायला आवडतं" असं तू म्हणालास आणि मला त्याची थोडी भीती वाटते. लिहायला आवडणारी मुलं पहिला परिच्छेद पावसावर लिहितात. आणि न आवडणारी हे लिहितात: "सदर घटनेची माहिती मिळताच पोलिसांनी घटनास्थळी धाव घेतली व पुढील तपास सुरू आहे." मी त्या कॉपीवर लिहितो, धाव घेतली म्हणजे किती वाजता? मग मूल जाऊन विचारतं आणि कळतं अपघात साडेआठला झाला, पोलीस दहाला पोहोचले. "पोलीस दीड तासाने आले." झालं वाक्य. आता ह्यात एक बातमी पण आहे, आधीच्या वाक्यात नव्हती.

नावांच्या बाबतीत माझीच एक चूक सांगतो, बरीच वर्षं झाली तरी मला ती विसरता येत नाही. रात्री उशिरा जीपचा अपघात झाला, वार्ताहराने फोनवर नावं सांगितली, मी लिहून घेतली, पान सोडायची घाई होती. एकाच आडनावाची दोन माणसं होती, एक मृत, एक जखमी. मी उलट लिहिलं. सकाळी जखमी माणसाचा भाऊ पेपर घेऊन ऑफिसात आला. ओरडला नाही. म्हणाला, "साहेब, लांबचे नातेवाईक पेपर वाचून निघालेत, रस्त्यात आहेत, त्यांना आता कसं कळवू ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, पण दुरुस्ती त्यांनी वाचली का कोणास ठाऊक, आणि ज्या घरातला माणूस खरंच गेला होता त्या घराचं काय झालं असेल. तेव्हापासून नाव घेतलं की मी परत वाचून दाखवतो, समोरचा कंटाळला तरी, आणि मृताचं नाव दुसऱ्या ठिकाणाहून, हॉस्पिटलमधून किंवा पोलिसांकडून, वेगळा फोन करून तपासल्याशिवाय सोडत नाही. दोन मिनिटांचा फोन असतो तो. एआयने ऑडिओ उतरवून घेतोस ना, घे, मीही घेतो, पण ते मराठी नावांची आणि गावांची वाट लावतं, तिथे कानाने ऐकायलाच लागतं.

कायद्याचं एक, कारण मोबाइलवर पोर्टल चालवणारी मुलं ह्यात हमखास अडकतात. लैंगिक अत्याचाराची बातमी असेल तर पीडितेची ओळख उघड करायची नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३, त्यात नाव तर नाहीच, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, ज्याने ओळख पटेल असं काहीही नाही. "अमुक गावच्या शाळेत आठवीत शिकणारी, वडील रिक्षाचालक" असं लिहून वर "नाव गुप्त ठेवले आहे" लिहिणाऱ्याने काय गुप्त ठेवलं? दोनशे उंबऱ्याच्या गावात आठवीतली मुलगी आणि रिक्षावाले वडील. बदनामीचं कलम आता ३५६ आहे, जुन्या पुस्तकात ४९९-५०० दिसेल, १ जुलै २०२४ पासून बदललं. "असं बोललं जातं" किंवा "चर्चा आहे" लिहिलं म्हणजे आपण सुटलो असं वाटतं मुलांना, तसं काही नसतं.

स्टोरी पाठवायची कशी हे पण कोणी शिकवत नाही. "आदरणीय संपादक महोदय, मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे" ह्या मेलचं पुढे काय होतं ते न सांगितलेलंच बरं. पाच-सहा ओळी पुरतात. त्या एसटीच्या मुलीचा मेल साधारण असा होता: "आमच्या कॉलेजच्या मुलींना संध्याकाळी पाच दहाची गाडी मिळत नाही. मी अकरा दिवस स्थानकावर थांबून नोंदी ठेवल्या. गाडी एकदाच रद्द झाली, कॉलेजची वेळ बदलल्यामुळे ती चुकते. वाहतूक नियंत्रक आणि प्राचार्य दोघांशी बोलले आहे. वहीच्या पानांचे फोटो आणि माझे दोन फोटो आहेत. चारशे शब्दांत देऊ शकते, उद्या संध्याकाळपर्यंत." ह्यात आवड कुठेच नाही, पण संपादकाला जे पाहिजे ते सगळं आहे. उत्तर नाही आलं तर चार दिवसांनी एक फोन, मग दुसरा पेपर. रुसायचं नाही. फक्त एकच स्टोरी एकाच वेळी दोघांना पाठवू नको, दोन्हीकडे छापून आली की दोन्ही दारं बंद.

पैशाचं घरच्यांचं म्हणणं चूक नाही, उगाच तुझी समजूत काढत नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हात तंग राहणार. माझ्या मुलांपैकी जी तग धरून राहिली त्यांच्याकडे बातमीशिवाय एक हात आणखी होता, कोणी अनुवाद करायचं, कोणी सबटायटल्स, कोणी व्हिडिओ एडिट, एक जण तर सकाळी क्लासेस घ्यायचा. अनुवाद मला त्यातला सगळ्यात बरा वाटतो कारण तो डेस्कलाही लागतो. घरच्यांना सांग की पदवी पूर्ण करतोय, एक वर्ष कोर्स, एक वर्ष अनुभव, आणि त्यात एमपीएससीची जाहिरात आली तर तीही भरतो. हे ऐकून आई-वडील जरा शांत होतात असा माझा अनुभव आहे.

आणि टायपिंग शिक बाबा. युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी) कीबोर्डवर, दहा बोटांनी. मोबाइलवर बोलून टाइप करणारी मुलं डेस्कच्या परीक्षेला बसतात, समोर साधा कीबोर्ड येतो आणि अर्धा तास "ज्ञ" शोधण्यात जातो. रोज वीस मिनिटं दे, परीक्षेच्या आत बोटं बसतील. पहिली कॉपी झाली की पाठव, मी लाल करून परत देईन, तेव्हा कुठली गाडी, किती वाजताची हे आधी लिहून ठेव म्हणजे माझा एक मेल वाचेल.